अमेरिकेत नवीन आलात? स्टेट टॅक्स म्हणजे काय आणि त्याचा रिफंड कुठे अडकलाय ते कसं बघायचं

फेब्रुवारी लागला की माझ्या फोनवर दरवर्षी तोच प्रश्न येतो, "ताई, फेडरलचा रिफंड आला, स्टेटचा कुठे अडकलाय?" फेडरल म्हणजे केंद्र सरकार, स्टेट म्हणजे राज्य. आणि मग थोडं खोदून विचारलं की कळतं, स्टेटचा रिटर्न खरंच भरला गेलाय का हेच समोरच्याला नीट माहीत नाहीये. कधी सॉफ्टवेअरने स्टेटचे वेगळे पैसे मागितले म्हणून ते पान तिथेच बंद केलेलं असतं, कधी रूममेटने भरून दिलेलं असतं आणि पीडीएफ कोणाच्या लॅपटॉपवर आहे ते ठाऊक नसतं. यात कोणाची चूक आहे असं मला अजिबात वाटत नाही, कारण आपण ज्या पद्धतीत वाढलो तिथे इन्कम टॅक्स म्हणजे एक पॅन, एक पोर्टल आणि रिफंड आला तर बंगळुरूच्या सीपीसीकडून. राज्य सरकार पगारातून काय घेतं तर प्रोफेशनल टॅक्स, महाराष्ट्रात महिन्याला २०० आणि फेब्रुवारीत ३००, वर्षाचे २,५०० गेले की झालं, त्यासाठी नोकरदार माणसाला वेगळा रिटर्न भरत बसावं लागत नाही. त्यामुळे इथे कोणी स्टेट टॅक्स म्हटलं की डोक्यात तोच बारकासा आकडा येतो.

मी इथे येऊन अकरा वर्षं झाली, चार स्टेटमध्ये राहिले, त्यामुळे जे सांगतेय ते स्वतः फॉर्म भरून शिकलेलं आहे. मी सीए नाही आणि सीपीए (इथले सीए) पण नाही, तुमची केस गुंतागुंतीची असेल तर पैसे देऊन सीपीएला विचारा, ते पैसे वाया जात नाहीत. पण साध्या नोकरदाराला आणि विद्यार्थ्याला लागतं तेवढं सगळं इथे आहे.

आधी हे डोक्यात बसवा: दोन वेगळी ऑफिसं आहेत

आयआरएस हे केंद्राचं, म्हणजे फेडरलचं, टॅक्स खातं. स्टेटचं खातं त्याहून पूर्ण वेगळं, कायदा वेगळा, फॉर्म वेगळा, वेबसाईट वेगळी, फोन नंबर वेगळा, आणि रिफंड पण वेगळा. विस्कॉन्सिनने १९११ मध्येच आपला इन्कम टॅक्स आणला, तेव्हा आत्ताच्या फेडरल इन्कम टॅक्सला अजून दोन वर्षं अवकाश होता, म्हणजे स्टेटवाले काही केंद्राच्या मागे मागे चालत नाहीत, त्यांचा कारभार त्यांचा. म्हणून आयआरएसच्या साईटवर जाऊन स्टेटचा रिफंड शोधलात तर तो कधीच सापडणार नाही, आणि आयआरएसला फोन केलात तर ते सांगतील की स्टेटला विचारा.

या खात्यांची नावं पण प्रत्येक स्टेटमध्ये वेगळी आहेत. न्यूयॉर्कमध्ये डिपार्टमेंट ऑफ टॅक्सेशन अँड फायनान्स, न्यू जर्सीत डिव्हिजन ऑफ टॅक्सेशन, पेनसिल्व्हेनिया आणि इलिनॉयमध्ये डिपार्टमेंट ऑफ रेव्हेन्यू, आणि कॅलिफोर्नियात फ्रँचाइज टॅक्स बोर्ड, ज्याला सगळे एफटीबी म्हणतात. हे शेवटचं नाव मुद्दाम लक्षात ठेवा, कारण नवीन माणसाला "फ्रँचाइज" वाचून वाटतं की हे कुठल्यातरी दुकानाबिकानाचं पत्र आहे आणि पाकीट न फोडता कचऱ्यात जातं. बँकेत रिफंड जमा होतो तेव्हाही तेच नाव येतं आणि लोक घाबरतात की हे पैसे कोणाचे.

तुमच्या स्टेटमध्ये टॅक्स आहे का मुळात

नऊ स्टेट पगारावर इन्कम टॅक्स घेत नाहीत: टेक्सस, फ्लोरिडा, वॉशिंग्टन (सिएटलवालं, राजधानीचं शहर नव्हे), नेवाडा, टेनेसी, न्यू हॅम्पशायर, साऊथ डकोटा, वायोमिंग आणि अलास्का. टेक्ससमध्ये डॅलस किंवा ऑस्टिनला उतरला असाल आणि वर्षभर तिथेच राहून तिथेच काम केलं असेल तर पगारापुरता स्टेट रिटर्न नाही, रिफंड नाही, विषय संपला. वॉशिंग्टन मात्र २०२२ पासून मोठ्या लाँग टर्म कॅपिटल गेन्सवर टॅक्स घेतं, भरपूर शेअर विकले असतील तरच ते बघायचं.

बाकी स्टेटमध्ये दोन तऱ्हा. काहींचा दर सगळ्यांना सारखाच, उदाहरणार्थ पेनसिल्व्हेनिया ३.०७ टक्के, इलिनॉय ४.९५ टक्के, ॲरिझोना २.५ टक्के. आणि काहींमध्ये आपल्यासारखे स्लॅब, कॅलिफोर्नियात १ टक्क्यापासून १२.३ पर्यंत आणि दहा लाख डॉलरच्या वरच्या कमाईवर आणखी १ टक्का, न्यूयॉर्कमध्ये साधारण ४ पासून १०.९, न्यू जर्सीत १.४ पासून १०.७५. न्यूयॉर्क शहराच्या हद्दीत राहत असाल तर शहराचा साधारण ३ ते ३.९ टक्के टॅक्स त्यावर वेगळा, पण तो स्टेटच्याच रिटर्नमध्ये भरला जातो त्यामुळे रिफंड एकच येतो. न्यू जर्सीतल्या जर्सी सिटीत राहून न्यूयॉर्क शहरातल्या मॅनहॅटनला कामाला जाणाऱ्याला हा शहराचा टॅक्स नाही. फिलाडेल्फियाचं उलटं आहे, तिथला वेज टॅक्स (पगारावरचा टॅक्स) शहर स्वतः घेतं आणि जास्त कापला गेला तर परत शहराकडेच मागायचा, स्टेटकडे नाही.

फेडरलची सगळी वजावट स्टेटला पण मिळते असं धरून चालू नका. पेनसिल्व्हेनिया आणि न्यू जर्सीत स्टँडर्ड डिडक्शन (खर्च न दाखवता मिळणारी ठराविक वजावट) हा प्रकारच नाहीये. पेनसिल्व्हेनियात तुमच्या ४०१केमध्ये (कंपनीमार्फतच्या निवृत्तीच्या बचत खात्यात) टाकलेल्या पैशांवरही स्टेट टॅक्स लागतो, कॅलिफोर्निया आणि न्यू जर्सी एचएसएला (औषधोपचारासाठीच्या बचत खात्याला) सूट देत नाहीत.

डब्ल्यू-२ हातात घ्या

जानेवारी संपेपर्यंत कंपनीने डब्ल्यू-२ द्यायचा असतो, आपल्या फॉर्म १६ चा भाऊ समजा. फरक एवढा की इथलं वर्ष जानेवारी ते डिसेंबर, आपल्यासारखं एप्रिल ते मार्च नाही. बहुतेक लोक वरचे दोन बॉक्स बघतात, पगार किती आणि फेडरल टॅक्स किती कापला, आणि खालची ओळ सोडून देतात. आपल्याला हवीय ती खालचीच. बॉक्स १५ मध्ये स्टेटचं नाव, १६ मध्ये स्टेटच्या हिशोबाने तुमचा पगार, १७ मध्ये कापलेला स्टेट टॅक्स, आणि १८ ते २० मध्ये शहराचं वगैरे काही असेल तर ते. बॉक्स १ आणि १६ चे आकडे जुळत नाहीत म्हणून लगेच एचआरला चूक झाली म्हणून लिहू नका, वर सांगितलं तसं स्टेटचे नियम वेगळे असल्यामुळे ते वेगळे येऊ शकतात.

बॉक्स १७ मधला आकडा म्हणजे टीडीएसच. वर्षाचा खरा टॅक्स त्याहून कमी निघाला तर फरक रिफंड म्हणून परत, जास्त निघाला तर तुम्ही भरायचा. रिफंड ही सरकारची मेहरबानी नाही, तुमचेच जास्तीचे गेलेले पैसे आहेत, म्हणून "जाऊ दे, ८० डॉलरच आहेत" असं करू नका.

एक बघा, बॉक्स १५ मध्ये भलतंच स्टेट दिसलं, किंवा जुलैत तुम्ही दुसऱ्या स्टेटमध्ये राहायला गेलात आणि डिसेंबरपर्यंत जुन्याच स्टेटचा टॅक्स कापला गेला, हे खूप जणांचं होतं, कारण घर बदललं की आपण बँकेला सांगतो, ॲमेझॉनला सांगतो, पण कंपनीच्या पेरोलला सांगायचं राहतं. मग जुन्या स्टेटकडे रिटर्न भरून पैसे परत मागायचे आणि नव्या स्टेटला खिशातून भरायचे, आणि जुन्याचे येईपर्यंत नव्याचे आधी द्यावे लागतात. म्हणून घर बदललं त्याच आठवड्यात पेरोलमध्ये पत्ता बदला आणि नव्या स्टेटचा विदहोल्डिंगचा (पगारातून टॅक्स कापण्याचा) फॉर्म भरा, कॅलिफोर्नियात त्याला डीई ४ म्हणतात, न्यूयॉर्कमध्ये आयटी-२१०४, न्यू जर्सीत एनजे-डब्ल्यू४.

तुम्ही कोण: रहिवासी, अर्ध्या वर्षाचे, की बाहेरचे

वर्षभर एकाच स्टेटमध्ये राहून तिथेच काम केलं तर तुम्ही फुल इयर रेसिडेंट, सगळ्यात सोपं. न्यूयॉर्कला आयटी-२०१, न्यू जर्सीला एनजे-१०४०, कॅलिफोर्नियाला ५४०, पेनसिल्व्हेनियाला पीए-४०.

वर्षाच्या मध्ये आलात किंवा गेलात तर पार्ट इयर. डॅलसहून जुलैत सॅन होजेला गेलात तर कॅलिफोर्नियाला ५४०एनआर भरायचा, जुलैपासूनचा हिशोब. इथे जॉइनिंग बोनस आणि आरएसयू (कंपनीकडून पगारासोबत मिळणारे शेअर) कुठे राहत असताना कमावले ते नीट बघायला लागतं, आकडे मोठे असतील तर हीच ती जागा जिथे सीपीए गाठावा.

आणि तिसरं म्हणजे राहता एका स्टेटमध्ये, कामाला जाता दुसऱ्यात. आपल्या लोकांत याचं सगळ्यात मोठं उदाहरण म्हणजे एडिसन, इसेलिन, जर्सी सिटी या भागात राहून रोज न्यूयॉर्कला जाणारे. यांना दोन स्टेट रिटर्न भरावे लागतात, आणि आधी बाहेरच्या स्टेटचा, मग घरच्या स्टेटचा, हा क्रम पाळायचाच. आधी न्यूयॉर्कचा आयटी-२०३ पूर्ण करा, तिथे किती टॅक्स बसला तो आकडा काढा, मग न्यू जर्सीचा एनजे-१०४० भरताना त्या टॅक्सचं क्रेडिट घ्या, म्हणजे तेवढी रक्कम जर्सीच्या टॅक्समधून वजा करून घ्या. समजा न्यूयॉर्कचा टॅक्स ५,००० डॉलर बसला आणि त्याच पगारावर न्यू जर्सीचा ४,१०० बसत होता, तर न्यू जर्सी ४,१०० पर्यंतच क्रेडिट देणार. वरचे ९०० कोणीच परत देत नाही. पगारावर न्यू जर्सीचं काही देणं उरत नाही, पण बँकेचं व्याज, शेअरचा फायदा, नवऱ्याची किंवा बायकोची जर्सीतली नोकरी, यावर न्यू जर्सीचा टॅक्स लागतोच, म्हणून दरवर्षी कोणीतरी विचारतं की सगळं कापून गेलंय तरी जर्सीला अजून ३०० का भरायचे, ते याच्यामुळे. घरून काम करता म्हणून न्यूयॉर्कचा टॅक्स सुटेल असंही समजू नका, न्यूयॉर्कचा नियम असा आहे की कंपनी न्यूयॉर्कची असेल आणि तुम्ही तुमच्या सोयीसाठी घरून काम करत असाल तर ते दिवसही न्यूयॉर्कचेच धरतात.

न्यू जर्सी आणि पेनसिल्व्हेनिया यांच्यात मात्र करार आहे, जर्सीत राहून पेनसिल्व्हेनियात नोकरी केली तर पगारावर फक्त जर्सीचा स्टेट टॅक्स. त्यासाठी कंपनीला आरईव्ही-४१९ नावाचा फॉर्म द्यावा लागतो, तो दिला नाही तर कंपनी पेनसिल्व्हेनियाचा टॅक्स कापत राहणार आणि तुम्ही तो पुढच्या वर्षी परत मागत बसणार. फिलाडेल्फिया शहराचा टॅक्स या करारात येत नाही.

विद्यार्थ्यांनो, हे तुमच्यासाठी

एफ-१ (विद्यार्थी व्हिसा) वर आलेले बहुतेक जण पहिली पाच कॅलेंडर वर्षं फेडरलच्या दृष्टीने नॉनरेसिडेंट असतात आणि १०४०-एनआर भरतात, सोबत फॉर्म ८८४३. नेहमीची जी सॉफ्टवेअर आहेत, टर्बोटॅक्स वगैरे, त्यात १०४०-एनआर होत नाही, त्यासाठी स्प्रिंटॅक्ससारखं वेगळं वापरावं लागतं आणि खूप युनिव्हर्सिटी त्याचा कोड फुकट देतात, इंटरनॅशनल ऑफिसला विचारा. तो कोड बहुतेक वेळा फक्त फेडरलपुरता असतो, स्टेटचे पैसे वेगळे, आणि इथेच मुलं थांबतात. प्लीज थांबू नका, परवडत नसेल तर स्टेटचा फॉर्म स्टेटच्या साईटवरून फुकट उतरवून हाताने भरून पोस्टाने पाठवता येतो.

आता गोंधळाची गोष्ट. फेडरलला तुम्ही नॉनरेसिडेंट असलात म्हणून स्टेटलाही नॉनरेसिडेंटच असाल असं नाही, स्टेट स्वतःचे निकष लावतं, तुम्ही कुठे राहिलात, किती दिवस, घर कायमचं आहे का. त्यामुळे एकाच वर्षी फेडरलला एनआर आणि स्टेटला रेसिडेंट असं पूर्ण कायदेशीरपणे होऊ शकतं. दुसरं, भारत-अमेरिका टॅक्स कराराच्या कलम २१ मुळे भारतीय विद्यार्थ्यांना १०४०-एनआरमध्येही स्टँडर्ड डिडक्शन मिळतं, ते जरूर घ्या, पण सगळी स्टेट हा करार मानत नाहीत, कॅलिफोर्निया आणि न्यू जर्सी मानत नाहीत.

भारतातलं उत्पन्न

हे लिहिताना मला जरा कळकळीने सांगायचंय, कारण इथे चांगली हुशार माणसं चुकतात. तुम्ही फेडरल आणि स्टेट दोन्हीला रेसिडेंट झालात की जगभरचं उत्पन्न दाखवावं लागतं. एनआरई एफडीचं (परदेशातल्या भारतीयांच्या भारतातल्या खात्यातली एफडी) व्याज भारतात करमुक्त आहे, इथे नाही, फेडरललाही नाही आणि स्टेटलाही नाही. पुण्यातल्या फ्लॅटचं भाडं, एनआरओचं व्याज, सगळं आलं. फेडरलला भारतात भरलेल्या टॅक्सचं क्रेडिट मिळतं, पण कॅलिफोर्निया ते देत नाही, न्यूयॉर्क आणि न्यू जर्सी भारतातल्या टॅक्ससाठी देत नाहीत. म्हणजे भाड्यावर भारतात टॅक्स भरलात तरी स्टेटला परत भरायचा, हे जड जातं पण असंच आहे.

तारखा

बहुतेक स्टेटची शेवटची तारीख फेडरलचीच, १५ एप्रिल. काही वेगळी आहेत, डेलावेअर ३० एप्रिल, व्हर्जिनिया १ मे, लुइझियाना १५ मे. एक्स्टेन्शन मिळतं ते फॉर्म भरायला, पैसे भरायला नाही. कॅलिफोर्निया तर न मागता १५ ऑक्टोबरपर्यंत मुदत देतं, पण देणं असेल तर ते १५ एप्रिललाच. आणि मागच्या एखाद्या वर्षीचा रिफंड मागायचा राहून गेला असेल तर हिंमत सोडू नका, बऱ्याच स्टेटमध्ये तीन वर्षांपर्यंत मागता येतो, कॅलिफोर्नियात चार.

आता रिफंड शोधायचा

रिटर्न पाठवला त्याच दिवशी चार गोष्टी एका कागदावर लिहा किंवा फोनमध्ये नोंदवा: कुठल्या वर्षाचा रिटर्न, कुठला फॉर्म, स्टेटच्या रिटर्नवर छापलेला रिफंडचा नेमका आकडा, आणि रिटर्नवर लिहिलेला पत्ता. मी हे इतक्या आग्रहाने सांगतेय कारण ट्रॅक करताना स्टेटची साईट हेच विचारते. न्यूयॉर्क विचारतं सोशल सिक्युरिटी नंबर, वर्ष, फॉर्म आणि रिफंडचा आकडा. न्यू जर्सी सोशल सिक्युरिटी नंबर आणि आकडा. कॅलिफोर्नियाला आकड्यासोबत पत्त्यातले घर नंबरचे अंक आणि झिप कोडही लागतो, तोही रिटर्नवर जो लिहिला होता तो, आजचा नाही. सोशल सिक्युरिटी नंबर नसेल तर तिथे आयटीआयएन (टॅक्ससाठी मिळणारा वेगळा नंबर) टाकायचा. नवरा-बायकोने एकत्र रिटर्न भरला असेल तर ज्याचं नाव पहिलं आहे त्याचा नंबर टाका.

आकडा म्हणजे स्टेटचा आकडा. सॉफ्टवेअर शेवटी मोठ्या हिरव्या अक्षरात जो दाखवतं तो कधीकधी फेडरल आणि स्टेट मिळून असतो, तो टाकलात की साईट सांगते रेकॉर्ड सापडत नाही, आणि माणूस घाबरतो की रिटर्न पोचलाच नाही. पीडीएफ उघडून स्टेटच्या फॉर्मवरचा आकडा बघा, पूर्ण डॉलरमध्ये.

त्याआधी ईमेल तपासा. ई-फाईल केल्यावर दोन वेगवेगळे ईमेल यायला हवेत, फेडरल ॲक्सेप्टेड आणि स्टेट ॲक्सेप्टेड. "ट्रान्समिटेड" म्हणजे फक्त सॉफ्टवेअरने पुढे ढकलला, स्टेटने घेतला असं नाही. स्टेटचा रिटर्न बहुतेक वेळा फेडरलच्या पाठीवर बसून जातो, त्यामुळे फेडरल रिजेक्ट झाला की स्टेटचाही तिथेच थांबतो. नवीन लोकांचा फेडरल रिजेक्ट होण्याचं नेहमीचं कारण म्हणजे मागच्या वर्षीचा एजीआय (मागच्या फेडरल रिटर्नवरचा उत्पन्नाचा एक आकडा) विचारतात तिथे चुकीचं काहीतरी टाकलेलं असतं, पहिल्यांदाच भरत असाल तर तिथे शून्य टाकायचं.

साईट शोधताना गूगलवर सगळ्यात वर जाहिराती येतात त्यावर क्लिक करू नका. स्टेटच्या खात्याच्या मुख्य साईटचा पत्ता डॉट जीओव्हीचा आहे ना ते बघा आणि मगच नंबर टाका. पेनसिल्व्हेनियात मायपाथ, मॅसॅच्युसेट्समध्ये मासटॅक्सकनेक्ट अशी पोर्टलची नावं आहेत, स्टेटच्या खात्याच्या मुख्य साईटवरूनच तिथे जा.

किती दिवस? आयआरएस बहुतेक ई-फाईल रिफंड २१ दिवसांत देतं, पण त्यावरून स्टेटचा अंदाज बांधू नका, दोघांचा एकमेकांशी संबंध नाही. कॅलिफोर्निया ई-फाईलला साधारण तीन आठवडे आणि कागदी रिटर्नला तीन महिन्यांपर्यंत म्हणतं, न्यू जर्सी ई-फाईलला कमीत कमी चार आठवडे आणि कागदीला बारा. जॉर्जियात पहिल्यांदाच रिटर्न भरणाऱ्यांना बँकेत जमा न करता कागदी चेकच पाठवतात, तिथे पहिल्या वर्षी मेलबॉक्सवर लक्ष ठेवा. दिवसातून दहा वेळा साईट बघून काही होत नाही, आठवड्यातून एकदा पुरे.

साईटवर काय दिसतं त्याचा अर्थ असा. "रिसीव्ह्ड" किंवा "प्रोसेसिंग" असेल तर वाट बघा. "अप्रूव्ह्ड" आणि तारीख आली तर त्या तारखेनंतर बँकेला आणखी काही दिवस लागतात. "ॲडजस्टेड" म्हणजे त्यांनी तुमचा आकडा बदललाय, कारणाचं पत्र येईल, ते पत्र येईपर्यंत सुधारित रिटर्न भरायची घाई करू नका. कधी सरकारी देणं बाकी असेल तर त्यात रिफंड वळता करतात, त्याचंही पत्र येतं. आणि "रिव्ह्यू" किंवा "आणखी माहिती हवी" असं दिसलं तर ताबडतोब मेलबॉक्स बघा.

पत्र

माझ्या बाबतीत हेच झालं. एका वर्षी फेब्रुवारीत रिटर्न भरला, एप्रिलमध्ये अपार्टमेंट बदललं, आणि जूनपर्यंत साईटवर एकच ओळ, प्रोसेसिंग. शेवटी फोन केला, पाऊण तास होल्डवर, तेव्हा पलीकडच्या बाईंनी शांतपणे सांगितलं की आम्ही मार्चमध्येच तुम्हाला ओळख पटवायचं पत्र पाठवलंय, उत्तर न आल्यामुळे फाईल थांबलीय. पत्र जुन्या पत्त्यावर, त्या मेलबॉक्समध्ये, आणि नवीन भाडेकरूने काय केलं देव जाणे. पत्र परत मागवलं, नवीन पत्ता नोंदवला, कागद पाठवले, आणि १,१०० डॉलर ऑगस्टच्या शेवटी आले. त्या उन्हाळ्यात मला त्या पैशांची खरंच गरज होती, आईचं तिकीट काढायचं होतं.

तर ओळख पटवायचं पत्र येणं हा तुमच्यावर संशय नाही, दुसऱ्याच्या नावाने खोटे रिटर्न भरून रिफंड उचलणारे खूप झालेत म्हणून स्टेट असं करतात, आणि पहिल्यांदा रिटर्न भरणाऱ्याला असं पत्र आलं तर दचकायचं कारण नाही. पत्रात बहुतेक वेळा एक कोड असतो, तो साईटवर टाकून काही प्रश्नांची उत्तरं द्यायची, किंवा पासपोर्ट, लायसन्स, डब्ल्यू-२ ची कॉपी अपलोड करायची. न्यूयॉर्ककडून माहिती मागणारं पत्र येतं त्याला डीटीएफ-९४८ म्हणतात, त्यात पगाराचा पुरावा, पत्त्याचा पुरावा असं मागतात. पत्रावर उत्तराची तारीख असते ती पाळा, मागितलं तेवढंच पाठवा, सगळ्याची कॉपी ठेवा, मूळ कागद कधीच पाठवू नका.

घर बदललं तर स्टेटच्या टॅक्स खात्याला वेगळं कळवा. पोस्टाला पत्ता बदलून दिला म्हणजे झालं असं धरू नका, आयआरएसला सांगितलं म्हणजे स्टेटला कळलं असं पण नाही.

फोन करायचा झाला तर साईटवर दिलेली मुदत उलटल्यावरच करा, त्याआधी ते फक्त थांबा म्हणतात. सकाळी ऑफिस उघडल्या उघडल्या लाईन लवकर लागते. रिटर्नची कॉपी, डब्ल्यू-२ आणि बँकेचे नंबर समोर ठेवा, कोणाशी कधी बोललात ते लिहून ठेवा. इंग्रजीत पटपट बोलता येत नसेल तर काही बिघडत नाही, "सावकाश सांगा" म्हणायचं, ते सांगतात.

आणि फोनवर मेसेज आला की तुमचा स्टेट रिफंड मंजूर झालाय, अमुक तारखेच्या आत या लिंकवर बँकेची माहिती भरा, तर तो फसवणुकीचा आहे, डिलीट करा. स्टेटचं टॅक्स खातं मेसेज पाठवून बँकेचा नंबर मागत नाही, तुमचा बँक नंबर रिटर्नवर आधीच आहे.

पैसे आल्यावर, आणि परत भारतात जाणार असाल तर

बँकेत आकडा कमी आला तर आधी बघा की सॉफ्टवेअरची फी रिफंडमधून कापायला सांगितली होती का, तसं असेल तर पैसे मधल्या एका बँकेतून फिरून येतात आणि नावही वेगळंच दिसतं. पुढच्या जानेवारीत स्टेट १०९९-जी काढतं, त्यात किती रिफंड दिला ते असतं. काही स्टेट तो पोस्टाने पाठवतच नाहीत, साईटवरून घ्यावा लागतो. मागच्या वर्षी फेडरलला स्टँडर्ड डिडक्शन घेतलं असेल तर त्या रिफंडवर फेडरल टॅक्स नाही, आयटमाईज करून (खर्च एकेक दाखवून) स्टेट टॅक्सची वजावट घेतली असेल तर लागू शकतो.

ज्यांचं प्रोजेक्ट संपलंय, डिग्री झालीय आणि परत निघालेत त्यांनी इथलं बँक खातं जायच्या दिवशी बंद करू नका. बंद खात्यात पैसे गेले की परत फिरतात, मग स्टेट कागदी चेक काढतं आणि तो रिटर्नवरच्या पत्त्यावर जातो, म्हणजे तुम्ही सोडलेल्या अपार्टमेंटला. चेक भारतात मागवलात तरी डॉलरचा चेक तिथे वठवणं फार वेळखाऊ आहे, बऱ्याच शाखा घ्यायलाच तयार नसतात. विनाशुल्क असलेलं एक खातं चालू ठेवा, ऑनलाईन लॉगिन भारतातून उघडतंय ना आणि ओटीपी कुठल्या नंबरवर येतो ते निघण्याआधी तपासा, रिटर्नवर इथल्या एखाद्या विश्वासू माणसाचा पत्ता द्या, आणि त्याला सांगून ठेवा की स्टेटचं पाकीट आलं तर फोडून फोटो पाठव.